उत्तर टोकाची संकष्टी

पृथ्वीच्या टोकावर उभं राहिलं, की माणसाला स्वतःच्या क्षुद्रतेचा साक्षात्कार होतो. निदान परत आल्यावर तसं सांगायची पद्धत आहे. मीही त्या टोकावर उभा राहून आलो. मला झालेला साक्षात्कार एवढाच, की तिथल्या वाऱ्यात कानटोपी डोक्यावर राहत नाही. क्षुद्रतेचं म्हणाल, तर ती आम्ही तिघांनी पुण्याहूनच बरोबर नेली होती. विमानात तिचं वजन धरत नाहीत.

हे आज आठवायचं कारण म्हणजे खालच्या मिठाईवाल्यापुढची उकडीच्या मोदकांची रांग. सदाशिव पेठेत राहणाऱ्याला पंचांगाची गरज पडत नाही, रांग बघून तिथी कळते. जून महिना, आभाळ सकाळपासून भरलेलं, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक छत्री आणि तोंडावर ‘आमचा नंबर आधी होता’ हा भाव. म्हणजे आज संकष्टी. गेल्या वर्षी याच सुमाराला मी, माधव आणि दिलीप युरोपच्या उत्तर टोकाकडे मोटारीने चाललो होतो आणि माधव उपाशी होता.

दिलीपची ओळख करून द्यायला हवी, कारण तो स्वतः करून देईल तर आजचा दिवस पुरायचा नाही. आम्ही तिघे एका शाळेतले. दिलीप इंजिनिअर झाला, निवृत्त झाला, मुलाच्या नोकरीमागे खराडीला राहायला गेला आणि तिथे प्रवासी झाला. लोक प्रवासाला जातात. दिलीप मोहीम काढतो. नॉर्वेच्या मोहिमेसाठी त्याने निळे टी-शर्ट करून घेतले होते. छातीवर ‘ध्रुवाच्या दारी, पुणेकरांची स्वारी’, आणि पाठीवर प्रत्येकाचं नाव व रक्तगट. रक्तगट कशाला, असं मी विचारलं. “तिकडे काही सांगता येत नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. तिकडे म्हणजे जिथे रस्त्यावर खड्डा पडला तर तो बातम्यांत येतो, तिथे. रक्तगटाची खरी गरज सदाशिव पेठेतून संध्याकाळी सहाला खराडीला निघणाऱ्याला असते. पण त्या मोहिमेचे कोणी टी-शर्ट काढत नाही.

दिलीपने प्रवासाचा एक तक्ता केला होता. गाव, अंतर, मुक्काम, जेवण, आणि शेवटचा रकाना ‘अनुभूती’. कुठल्या गावी काय वाटायचं, ते त्यात आधीच भरलेलं होतं. पहिल्या खाडीपुढे ‘विस्मय’. हिमनदीपुढे ‘नतमस्तक’. उत्तर टोकापुढे ‘शब्दातीत’. विस्मयाच्या खाडीपाशी पोचलो तेव्हा मला लघवी लागली होती. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

माधव मात्र माणूस म्हणून सरळ. बँकेत आयुष्य काढलं, कोणावर आवाज चढवला नाही, देवाला कधी त्रास दिला नाही. देवघर सुधावहिनींच्या खात्यात. त्यांची संकष्टी लग्नापासूनची. बाळंतपणं, लग्नकार्यं, तापाची आजारपणं, सगळ्यांतून एकही चुकली नव्हती. नॉर्वेच्या आधीच्या हिवाळ्यात वहिनींच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, यापुढे उपास नाही. गोळ्या जेवणावरच घ्यायच्या. वहिनी ऑपरेशनला घाबरल्या नव्हत्या, त्या याला घाबरल्या. इतकी वर्षं न तुटलेल्या या माळेच्या भरवशावरच त्या ऑपरेशनच्या टेबलावर चढल्या होत्या. आता ती तुटली, की काहीतरी होणार, हे त्यांनी मनाशी धरलं. जेवण जाईना, झोप येईना. मुलगी समजावून थकली. शेवटी माधव म्हणाला, “तुझी संकष्टी मी करतो.”

वहिनींनी त्याच्याकडे नवऱ्याकडे बघतात तसं बघितलं. “करणार कशी? नीट करणार असाल तर करा. दिवसभर चहा आणि फळ. चंद्र उगवल्यावर जेवण. साबुदाणा नाही.”

“साबुदाणा उपासाला चालतो की.”

“साबुदाणा खाऊन करतात ती सहल. उपास नव्हे.”

त्या दिवसापासून वहिनी जेवू लागल्या आणि माधव दर महिन्याला एकदा उपाशी राहू लागला. नॉर्वेचं बुकिंग ऑपरेशनच्या आधीचं. तो जाणार नव्हता. वहिनींनीच ढकललं. “घरात बसून माझे श्वास मोजत असता, त्यापेक्षा जा. मुलगी आहे इथे. फक्त तेवढी संकष्टी सांभाळा.” माधवने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं जूनचं पान फाडून, घडी घालून पासपोर्टात ठेवलं. वहिनींसाठी शेजाऱ्यांकडून दुसरं कॅलेंडर आणून त्या खिळ्याला टांगलं. माणूस सरळ, म्हटलं ना.

तिकडचा उजेड अजून आठवतो. लोक त्याचं वर्णन सोनेरी, दैवी वगैरे करतात. मला तो दिवा मालवायला विसरून गावाला गेलेल्या घरासारखा वाटला. सूर्य क्षितिजापर्यंत उतरायचा, तिथे घुटमळायचा आणि काहीतरी विसरल्यासारखा पुन्हा वर यायचा. दिवस संपला असं कोणी सांगतच नाही. खिडक्यांना जाड काळे पडदे लावून माणसं रात्र घरच्या घरी तयार करतात. पडद्याच्या फटीतून एक पांढरी रेघ अंथरुणावर पडायची आणि शेजारी दिलीप घोरायचा. मग मला सदाशिव पेठेतल्या अंधाराची किंमत कळायची. आमच्याकडे रात्री सातला वीज गेली, तर लोक शिव्या देतात. एकदा तिथे राहून यावं.

रस्ते सुंदर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बर्फाचे ठिपके असलेले उघडेबोडके डोंगर, आणि मैलोगणती माणूस नाही. सुरुवातीला आम्ही तिघे गप्प व्हायचो. मग दिलीपला आपण गप्प झालो आहोत हे लक्षात यायचं, आणि तो म्हणायचा, “ही शांतता ऐका.” ती पुन्हा ऐकू येईपर्यंत अर्धा तास जायचा.

मध्येच रस्त्यावर रेनडिअर उभा असायचा. हॉर्न वाजवला तरी ढिम्म. लक्ष्मी रोडवर मोटार आडवी लावून ‘दोनच मिनिटं’ म्हणणाऱ्या माणसाचा निर्विकारपणा मी जगात आणखी कुठे बघेन असं वाटलं नव्हतं. दिलीप दर वेळी उतरून फोटो काढायचा. शेवटी त्याच्याकडे रेनडिअरचे इतके फोटो झाले, की ते प्राणी नंतर त्याला बघून बाजूला व्हायला लागले.

गावांबाहेर लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले असत, हजारोंनी, शेपट्या बांधून, मुंडकी उडवलेले. वास मोटारीच्या बंद काचेतून आत यायचा. आम्ही तिघेही शाकाहारी. दिलीपने तक्त्यात तिथे ‘लोकजीवन’ लिहिलं होतं.

संकष्टी आली ती नेमकी उत्तर टोकाच्या दिवशी. दिलीपने तक्ता करताना हिमवर्षावापासून बोगद्यांच्या डागडुजीपर्यंत सगळं तपासलं होतं. चतुर्थी तेवढी राहिली. सकाळी माधवने चहा घेतला, एक केळं खाल्लं आणि मागच्या सीटवर मांडीवर सफरचंद धरून बसला. समुद्राखालच्या लांब बोगद्यातून जाताना दिलीपने सांगितलं, की आपल्या डोक्यावर आत्ता अख्खा समुद्र आहे. “असू दे,” माधव म्हणाला. उपाशी माणसाला विस्मय जड जातो.

टोक म्हणजे उंच सपाट कडा. त्यावर लोखंडी पृथ्वीगोल, त्याच्या चौथऱ्यावर चढायला पायऱ्या, आणि पायऱ्यांवर जगभरची माणसं एकमेकांना फोटोतून ढकलत होती. खाली काळपट समुद्र होता, त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका सहल कंपनीबरोबर आलेल्या वीस-पंचवीस मराठी बायका गोलाभोवती उभ्या होत्या, जाड कोटावर शेला, डोक्यावर फेटा. स्वेटरवरून चढवलेले आमचे टी-शर्ट बघून त्यांतल्या एक बाई पुढे आल्या.

“पुण्याचे का?”

“हो.”

“पुण्यात कुठे?”

“सदाशिव पेठ.”

“अय्या, अजून राहतं का कोणी तिथे? आम्ही कधीच वाघोलीला गेलो. तिकडे हवा छान आहे,” असं म्हणून त्यांनी आमच्याकडे दयेने पाहिलं. युरोपच्या टोकावर, आर्क्टिक वाऱ्यात, वाघोलीच्या हवेचं कौतुक ऐकण्यासाठी मी आयुष्यभराची पुंजी मोडली होती.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की पश्चिमेला शेजारीच एक बुटकी, नांगराच्या फाळासारखी जमिनीची जीभ समुद्रात गेलेली आहे आणि ती आपल्या कड्यापेक्षा पुढे गेल्यासारखी दिसते. मी दिलीपला दाखवली. त्याने फोनवर बघितलं.

“हो, ती जरा जास्त उत्तरेला आहे.”

“मग टोक ते, की हे?”

“ते मोजत नाहीत. तिकडे रस्ता जात नाही,” दिलीप म्हणाला.

जगातली बरीच टोकं याच नियमाने ठरत असावीत. जिथवर पार्किंग, तिथवर पृथ्वी.

दुपार टळली. टळली म्हणजे घड्याळात. आकाशात काही बदललं नव्हतं. माधवने कॅलेंडरचं पान उघडलं. त्यावर चंद्रोदय रात्री दहानंतरचा होता. “पण ही वेळ आपल्याकडची. इथे किती वाजता उगवतो रे?” त्याने दिलीपला विचारलं.

दिलीपच्या फोनमध्ये ग्रहताऱ्यांसाठी एक खास सोय आहे. त्याने गावाचं नाव घातलं. चंद्रोदयापुढे वेळ नव्हती. एक आडवी रेघ होती.

“उगवत नाही,” दिलीप म्हणाला.

“आज?”

“आज, उद्या, परवा. तीन-चार दिवस नाही.” आणि त्याचा चेहरा उजळला. “थांब, समजावतो.” त्याने माधवच्या मांडीवरचं सफरचंद उचललं. “ही पृथ्वी. आपण इथे, देठापाशी. जिथे सूर्य मावळतच नाही, तिथे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र उगवतच नाही. दोघांना पाळ्या वाटून दिल्यात, बघ. आता ही पृथ्वी अशी कलली…”

“दिलीप, ते सफरचंद दे. मला खायचंय.”

“एक मिनिट. कलली की…”

“अरे दे!” माधव ओरडला. आमच्या शाळेपासूनच्या ओळखीत मी त्याला प्रथमच ओरडताना ऐकलं. वाघोलीच्या बाई वळून बघायला लागल्या.

मग मोटारीत बसून शास्त्रार्थ झाला. दिलीपचं मत, चंद्र उगवतच नाही म्हणजे उपास लागूच होत नाही, तेव्हा जेव. त्याने तयार मसालेभाताचं पाकीट फोडून गरम पाणी ओतलंसुद्धा, आणि तो वास मोटारभर पसरला. माझं मत, कॅलेंडरात छापलेली वेळ इथल्या घड्याळात होईल तेव्हा जेवावं. घड्याळ घड्याळच असतं. माधव दोघांनाही मान हलवून नाही म्हणाला. मग त्याने पुण्याला गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“याला शास्त्रात काही सोय आहे का, गुरुजी?”

“शास्त्र लिहिणारे लोक तिकडे गेले नव्हते,” गुरुजी म्हणाले. “आपण गेलातच कशाला?” आणि फोन ठेवला. संपूर्ण मोहिमेत विचारला गेलेला हा एकच योग्य प्रश्न.

माधवचा चेहरा उतरला होता. ओठ कोरडे, हात थंड. दिलीपलाही आता काळजी वाटू लागली, पण काळजी व्यक्त करण्याची त्याची पद्धत चिडण्याची आहे. “म्हणजे आता चार दिवस उपाशी बसणार आहेस का?”

“ती बसली असती,” माधव म्हणाला.

वारा मोटारीला हलवत होता. काचेबाहेर लोक पृथ्वीगोलाला मिठ्या मारत होते.

“सरळ फोन कर आणि सांग, उगवला म्हणून,” दिलीप थोड्या वेळाने म्हणाला. “तिला तिथे बसून काय कळणार आहे?”

“तिला खोटं सांगितलेलं मला कधी पचलं नाही. उपाशीपोटी काय पचणार?”

पण न सांगणंही शक्य नव्हतं. वहिनी विचारणारच होत्या, आणि माळ तुटली असं ऐकलं की पुन्हा त्यांचं जेवण बंद, झोप बंद. शेवटी माधवने फोन लावला. तिथे संध्याकाळचे साडेसहा-सात, म्हणजे पुण्यात डॉक्टरांनी सांगितलेली झोपेची वेळ कधीच टळून गेलेली. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. दिलीपने फोन स्पीकरवर टाकला. मागे खरखर फार होती. मी ती वाऱ्याची धरली.

“अहो, जेवलात का?”

“तू जागी कशी?”

“चंद्रोदय व्हायचा होता ना. झाला आत्ताच. जेवलात का?”

“अगं, इथे चंद्र उगवत नाहीये.”

“ढग आहेत?”

“ढग नाहीत. चंद्रच नाही. दिलीप म्हणतो, चार दिवस उगवणार नाही.”

माधवने डोळे मिटले.

“दिलीपभावोजी आहेत का तिथे?” वहिनी म्हणाल्या. “भावोजी, मोटारीचं तुम्ही बघा. चंद्राचं मला सांगू नका.” मग नवऱ्याला, “अहो, व्रत कोणाचं?”

“तुझं.”

“मग चंद्र कोणाचा बघायचा? माझा. तुमचं नुसतं पोट आहे. इथे समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर स्वच्छ दिसतोय, हात जोडून आत्ताच आत आले. तुम्ही पण जोडा आणि जेवा. आणि कानाला गुंडाळा काहीतरी, आवाज बसलाय तुमचा.”

फोन बंद झाला. माधव मोटारीतून उतरला आणि गोंधळून उभा राहिला. हात जोडायचे, पण कुठल्या दिशेला? दिलीपने फोनवरचं होकायंत्र काढलं, दोनदा तपासलं आणि बोट दाखवलं. “पुणे तिकडे.” त्या दिशेला स्वच्छतागृह होतं. माधवने टोपी काढली, स्वच्छतागृहाच्या दिशेने हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. दार उघडून बाहेर आलेला एक जर्मन वाटणारा गृहस्थ दचकला आणि त्यानेही अर्धवट हात जोडले.

मग माधवने मसालेभात खाल्ला. गार झालेला, कागदी वाटीतला, प्लास्टिकच्या चमच्याने. दिलीप त्याला वाढत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. सबंध प्रवासात मला दिलीप तेवढाच वेळ आवडला. अनुभूतीच्या रकान्यात त्याने हे कशाखाली घातलं असतं, कोण जाणे.

मध्यरात्रीच्या सूर्यासाठी सगळे कड्यावर जमले तेव्हा माधव मागच्या सीटवर झोपला होता. सूर्य खाली आला, पाण्याला टेकायच्या आधी थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. निसर्गाने स्वतःचं नेहमीचं काम केलं म्हणून टाळ्या. “माझ्याकडे शब्द नाहीत,” दिलीप म्हणाला आणि पाऊण तास बोलला.

पुढे दिवाळीनंतर त्याने खराडीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सचित्र व्याख्यान ठेवलं. मी पेठेतून निघालो तो दोन बस बदलून, नॉर्वेतल्या कुठल्याही टप्प्याहून जास्त थकून पोचलो. पडद्यावर रेनडिअर, खाडी, रेनडिअर, दिलीप. मग एक चित्र आलं, ‘चंद्राविना चतुर्थी : विज्ञान आणि श्रद्धेचा संगम’. या वेळी त्याने सफरचंद घरून आणलं होतं. शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, “आम्ही जगाच्या टोकावर, चंद्रहीन आकाशाखाली. आणि त्याच क्षणी पुण्याच्या निरभ्र आकाशात तोच चंद्र एका पतिव्रतेला दर्शन देत होता.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेतल्या पतिव्रतेने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिच्या एका हातात सामोसा होता. वहिनींची तब्येत सुधारली होती.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. माधव शेजारीच उभा होता. मी म्हटलं, “वहिनी, तो टाकीवरचा चंद्र म्हणजे कमालच झाली.”

“कसला चंद्र, भावोजी?” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्या आठवड्यात पाऊस कोसळत होता. टाकीसुद्धा दिसत नव्हती.”

मी माधवकडे बघितलं. तो बशीत चहा ओतत होता.

“माहीत होतं मला,” तो म्हणाला. “फोनवर ऐकू येत होता.”

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. हे बघणं आधीच्या बघण्यासारखं नव्हतं. मग म्हणाल्या, “आणि तरी जेवलात?”

“तूच म्हणालीस ना, चंद्र तुझा. मग तू सांगशील तेव्हा उगवला.”

पलीकडे दिलीप कोणाला तरी सांगत होता, की पुढच्या वर्षी दक्षिण ध्रुव.

आज रात्री समोरच्या गच्चीवर नेहमीची मंडळी आली. दोन बायका, एक निवृत्त गृहस्थ, एक ताम्हन. सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ ओल्या गोधडीसारखं होतं, चंद्राचा पत्ता नव्हता. कोणी सफरचंद आणलं नाही, कोणी गुरुजींना फोन केला नाही. गृहस्थांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, “झाला,” आणि सगळे खाली मोदक खायला गेले. छापलेल्या वेळेवर आमच्या पेठेची श्रद्धा मोठी. देवापेक्षाही थोडी जास्तच असेल.

मीही स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर बघितलं. चंद्रोदयाची वेळ चौकटीत ठळक छापली होती. इतकी वर्षं ते कॅलेंडर त्या भिंतीवर आहे, पण चष्मा लावून खालची बारीक अक्षरं मी आजच वाचली. ती वेळ मुंबईची आहे.